किकवीच्या घराचं गिऱ्हाईक

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, वारले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी किकवीचं घर विकायला काढलं. गावाला वाटलं, म्हातारीला एकटीला भीती वाटते. लेकीला वाटलं, आईचे गुडघे दुखतात म्हणून तिला भोरला दवाखान्याजवळ राहायचं असेल. मी दोघांनाही हो म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. दुपारचं जेवण झालं की मागच्या मोरीकडून मालक हाक मारायचे, "अगं ए." जिवंत असताना मारायचे तशीच, मी बहिरी असल्यासारखी. पहिले काही महिने मी तिकडं लक्ष दिलं नाही. माणूस गेला तरी कानाची सवय जात नाही, एवढं मला कळतं. मी चौथी शिकलेय, पण खुळी नाही.

मग एकदा गहू निवडत होते. हाक आली आणि मी म्हणाले, "आले." ताट बाजूला ठेवून उठलेसुद्धा. मोरीत कुणी नव्हतं. नळ बंद होता, बादली कोरडी होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. नंतर मी रोजच ओ द्यायला लागले. आणि एके दिवशी माझ्या ध्यानात आलं की मी जेवण लवकर उरकून हाकेची वाट बघत बसलेय.

त्या दिवशी ठरवलं की इथून निघायचं. हाक मारणाऱ्याचं मला काही वाटत नव्हतं, त्याच्याशी जन्म काढला होता. मी ओ देते, याची मात्र मला धास्ती वाटली. माझ्या माहेरी एक बाई अशीच रिकाम्या घरात बोलायला लागली होती. शेवटी ती पोटच्या लेकाला तुम्ही कोण म्हणून विचारायची. मला तसं व्हायचं नव्हतं.

घर मालकांनीच बांधलेलं. वरव्याकडच्या एका कारखान्यात ते कामाला होते. मिळेल तेव्हा वाळू, मिळेल तेव्हा विटा, असं करत दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं मोरी उभी राहिली. वर स्लॅब टाकला. पुढं कधीतरी वरचा मजला चढवू म्हणून खांबांच्या सळया वर सोडून दिल्या. मजला काही चढला नाही. सळया गंजल्या आणि पावसाळ्यात त्यांचं तांबडं पाणी भिंतीवरून उतरायचं. दर दिवाळीला मी चुना मारायचे, दर श्रावणात ओघळ परत यायचे.

या घराला एके काळी दारात गिऱ्हाईक येत होतं. हायवेच्या कडेला जिकडंतिकडं इमारती उठत होत्या तेव्हाची गोष्ट. पांढऱ्या कपड्यातली माणसं गाडीतून उतरायची, चपला न काढता ओट्यावर चढायची आणि विचारायची, देता का. मालक त्यांना पाणीसुद्धा विचारायचे नाहीत. मी विकायला निघाले तेव्हा ती माणसं कुठं गेली होती कोण जाणे. कापूरहोळपासून इकडं निम्म्या इमारती तशाच उभ्या होत्या, खिडक्यांच्या जागी भोकं. सदनिका घ्या म्हणणाऱ्या फलकावरची हसरी बाई उन्हानं पार पांढरी पडली होती. ज्यांनी पहिल्या मजल्यावर घर घेतलं होतं ते वरच्या रिकाम्या मजल्यांना घाबरून संध्याकाळी दारं लावून घ्यायचे.

आमच्या वाडीतलाच एक जण एजंट होता. चाळिशीचा बाप्या. तेजीत त्याच्या गळ्यात सोन्याची साखळी होती. आता त्याच्याकडं दोन म्हशी होत्या आणि सकाळी तो ढाब्यांवर दूध घालायचा. मी त्याला बोलावलं.

"काकू, चार-पाच वर्षांमागं सांगितलं असतं तर घर इकून दारात गाडी उभी करून दिली असती तुमाला."

"मला गाडी चालवता येत न्हाई. गिऱ्हाईक आण."

"कुठनं आणू? लोकं मोबाईलवर फोटू बगत्यात आन गप बसत्यात."

"मग त्यांना हितं आणून बसव. हितं चहा मिळंल म्हणावं."

तो हसला. वाईट माणूस नव्हता. त्यानं माणसं आणली, पण एक नवीनच गोष्ट मला कळली. तेजीत घर विकत घेणारा फक्त किती म्हणून विचारतो. मंदीत तो सगळं विचारतो. पाणी किती वेळ येतं, शेजारी कोण, सळया का सोडल्या. आणि शेवटी चपला घालता घालता हळूच, घरात कुणी गेलंबिलं होतं का.

मी सांगायचे, "व्हय. मालक. हितंच, तुमी बसलाय त्या जागी."

तो माणूस उठून उभा राहायचा.

एजंट मला कोपऱ्यात घ्यायचा. "काकू, खोटं बोला असं मी म्हणत न्हाई. गप तर बसा."

"विचारलं म्हणून सांगितलं. माणसं घरातच मरत्यात. रस्त्यावर मेलेलं बरं का?"

"गिऱ्हाईकाला तसंच बरं वाटतं."

त्यातून ते फक्त मेले असते तर निभावलं असतं. आमच्याकडं माणूस जिथं जातो तिथं जमिनीवर पीठ पसरतात. त्यावर दिवा ठेवून बांबूची पाटी, टोपलीच ती, उपडी घालतात. तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परत आली की पाटी उचलायची आणि पिठावर कसली खूण उमटलीय ते बघायचं. पक्ष्याचा पाय दिसला तर पक्ष्याच्या जन्माला गेला, गाईचा खूर दिसला तर गाईच्या. मी असल्या बऱ्याच पाट्या उचललेल्या बघितल्यात. उंदीर फिरतो, मुंगळे फिरतात, दिव्याची काजळी पडते. त्यातच बायका काहीतरी बघतात आणि मोकळ्या होतात. मालकांची पाटी उचलली तेव्हा पीठ कोरं होतं. चाळणीतून आत्ताच पडल्यासारखं. मुंगीसुद्धा चालली नव्हती त्यावरून. जमलेल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "कुठं गेलंच न्हाईत जणू." झालं. ते वाक्य गावभर फिरलं आणि घर बघायला येणाऱ्याला टपरीवर चहा पितानाच कळायला लागलं.

माझ्या हाकेचं मी कुणाला बोलले नव्हते. लोक नुसते पिठावरून बोलत होते. तरी कुणी "अजून हायेत म्हणं तुमचं मालक" असं म्हणालं की मी घाईनं दुसरा विषय काढायचे.

भोरात घर बघून ठेवलं होतं. तळमजल्यावर दोन खोल्या, घर एका निवृत्त शिक्षिकेचं. त्यांना पुण्याला मुलाकडं जायचं होतं आणि त्यांचंही घर कुणी घेत नव्हतं. मी बघायला गेले तेव्हा बाईंनी नळ सोडून दाखवला, पंखा लावून दाखवला, खिडकीतून नदीकडचा वारा येतो म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही जरा बाहेर जाऊन येता का? मला इथं एकटीला बसायचंय."

त्या शहाण्या. काही न विचारता पिशवी घेऊन भाजीला गेल्या. मी खाटेच्या कडेला बसले. दुपारच होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावला, बंद केला. रस्त्यावरून टेम्पो गेला. मी मोरीच्या दाराकडं बघत बसले. डोळा लागला, उघडला. काही नाही.

बाई परत आल्या. "काय पाहिलंत?"

"काही नाही."

"मग?"

"घेते मी हे. माझं तेवढं विकलं जाऊ द्या."

"माझ्या मुलाचा रोज फोन येतो हो. थांबते, पण फार नाही थांबता यायचं."

म्हणजे दोघी अडकलो. माझं गेल्याशिवाय त्यांचं जात नव्हतं. एक दुसरं गिऱ्हाईक मधेच त्यांच्याकडं येऊन गेलं. बाईंनीच मला फोन करून सांगितलं. त्या दुपारी किकवीला हाक आली तेव्हा मी तोंडात पदराचा बोळा धरून बसले. ओ आतल्या आत दिली गेलीच.

पावसाळा संपता संपता एजंटनं कापूरहोळचा एक गॅरेजवाला आणला. ट्रकची कामं करायचा. त्याच्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं आणि भाड्याच्या खोल्यांत सून कोंडल्यासारखी झाली होती. गॅरेजवाल्यानं खांब ठोकून बघितले, सळया हलवल्या. म्हणाला, "माल चांगला घातलाय. वर चढवता यील." मालकांच्या कामाला कुणीतरी चांगलं म्हणालं, तेही लोखंड ओळखणाऱ्या माणसानं. मला बरं वाटलं. पण ठरवणार होती त्याची आई. माझ्याच वयाची, पण पाठ ताठ. ती घरात आली नाही, ओट्यावर उभी राहिली.

"तुमच्या मालकांचं पीठ कोरं निघालं म्हणं?"

"व्हय."

"मग घर रिकामं कसं म्हणायचं?"

"घर म्या रिकामं करून देते. त्यांचं त्यांना विचारा."

गॅरेजवाला हसला. आई हसली नाही. ती म्हणाली, "आज दिवा ठेवा परत. पीठ घाला, पाटी घाला. उद्या सकाळी चार बायकांसमोर उचलू. खूण दिसली तर आमी घर घेतो. न्हाई दिसली तर ह्या भावात दुसरी लई घरं हायेत."

खरंच होती. तेच तर वाईट होतं.

वर्ष उलटल्यावर कुणी पाटी घालतं का? कधी ऐकलं नव्हतं. पण मी घातली. ज्वारीचं पीठ चाळलं, जागा सारवली, दिवा लावला. वर पाटी उपडी घातली. तिची अट होती की रात्री घरात कुणी राहायचं नाही. म्हणून कुलूप लावून मी शेजारी झोपायला गेले. एक चावी माझ्या कंबरेला आणि दुसरी एजंटकडं, कारण गिऱ्हाईकाला घर दाखवायला त्यालाच लागायची.

सकाळी बायका जमल्या, एजंटही आला. गॅरेजवाल्याच्या म्हाताऱ्या आईनं स्वतः पाटी उचलली. पिठावर तीन रेघा होत्या, एका बिंदूतून फुटलेल्या. पक्ष्याचा पाय. शेजारीण म्हणाली, "कावळा." दुसरीनं हात जोडले.

मी वाकून बघितलं. कावळा एका पायावर उभा राहत नाही. कावळ्याला जायला यायला वाट लागते, आणि बाकीचं पीठ परत चाळणीतून पडल्यासारखं कोरं होतं. मी एजंटकडं बघितलं. तो पंख्याकडं बघत होता. शर्टाच्या बाहीवर पांढरं होतं.

"ही ह्याची बोटं हायेत," मी म्हणाले.

एजंटचं तोंड उतरलं. माझं घर त्या क्षणी गेलं असं मलाही वाटलं, पण बोलून झालं होतं.

म्हातारी माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "असू द्या."

"असू द्या?"

"मला काय कळत न्हाई व्हय? ह्यांनी बघितलं ना?" तिनं बायकांकडं मान हलवली. "आता कुनी नातसुनंच्या कानाला लागलं तर म्या सांगंन, कावळा झाला. चौघींदेखत झाला. मला तेवढंच पायजे हुतं." आणि मग एजंटला म्हणाली, "पर भाव आजून थोडा उतरवा. कावळा तुमच्या घरचा हाय."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. भाव उतरला. मी फार ओढलं नाही, कारण भोरच्या बाईंनीही त्याच आठवड्यात थोडं सोडलं.

पण पीठ झाडून भरताना मला हसू येईना. बोटांच्या रेघा सोडल्या तर ते परत कोरंच होतं. वर्ष गेलं होतं आणि अजून मुंगी चालली नव्हती.

दोन्ही खरेदीखतं भोरच्या कचेरीत एकाच दिवशी झाली. संगणक बंद पडला होता म्हणून दुपारपर्यंत सगळे बाकांवर बसून राहिलो. मी, शिक्षिकाबाई, गॅरेजवाला आणि त्याची आई, एका ओळीत, एसटीची वाट बघत बसल्यासारखे. लेक वेल्ह्याहून आली होती, वारस म्हणून तिची सही लागत होती. सही केल्यावर ती रडली. मी म्हटलं, "सासरी जाताना रडली न्हाईस एवढी." ती म्हणाली, "तवा घर हितंच हुतं की आई."

सामान हलवायच्या दिवशी टेम्पो दारात उभा राहिला. आमच्याकडं घर सोडताना देवाला बोलवून न्यायचं असतं. नुसतं उचलून न्यायचं नाही. मी देव्हाऱ्यापुढं सुपारी ठेवली आणि म्हणाले, "चला देवा, भोरला जायचंय." टाक फडक्यात गुंडाळले. शेजारीण दारात उभी होती. तिनं खाली मान घालून विचारलं, "मालकांना म्हणत न्हाईस का चला?"

दुपारच होती. जेवणं झाली होती. मोरीचं दार उघडं होतं आणि मला माहीत होतं की आता हाक येणार.

"न्हाई," मी म्हणाले आणि बाहेर आले. टेम्पोवाल्याला म्हटलं, "काढ." हाक आली की नाही ते मला ऐकू आलं नाही. गाडीचा आवाज मोठा होता.

भोरात शांत होतं. मी दुपारी जेवले की आडवी व्हायचे आणि झोप लागायची. गुडघेही बरे राहिले. शेजारच्या बाया दारात गप्पा मारायला बसायच्या, एखादी नातवाला माझ्याकडं सोडून जायची. महिनाभरात माझी धास्ती गेली. एकदोनदा मोरीकडं बघितलं, पण काही व्हायची वाट मी बघत नव्हते. असं मी म्हणते.

मग एकदा बाजारात गॅरेजवाल्याची सून भेटली. एकटीच होती, पिशवीत मेथी. पायाला हात लावून म्हणाली, "आजी, बऱ्या हाय ना?"

"बरी हाय. घर काय म्हणतं?"

"घर लई चांगलंय. वर बांधकाम काढायचंय आता." मग तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "दिवसभर मी एकटीच असते. ही माणसं गॅरेजला, आजेसासूबाई देवळात न्हाईतर पावण्यांकडं. एक इचारू का? रागवू नका. आजोबा दुपारी घरी असायचे का?"

माझ्या हातात वांगी होती. मी ती परत ढिगात ठेवली.

"का गं?"

"मोरीकडनं कुनीतरी बोलतं. रोज न्हाई. पर बोलतं."

"अगं ए म्हणतं?"

"न्हाई." ती लाजल्यासारखी हसली. "जेवलीस का म्हणून इचारतं."

खोटं बोलणारी पोर नव्हती. भ्यालेलीही दिसत नव्हती, आणि तेच मला खुपलं. उभ्या जन्मात मालकांनी मला जेवलीस का म्हणून विचारलं नाही. ताटात मीठ कमी असलं तर बोलायचे. मी तापानं पडले होते तेव्हा भाकरी कोण करणार म्हणून विचारलं होतं.

"ते आमचं मालक न्हवंत," मी म्हणाले.

"मग कोन?"

"मला काय म्हाईत. तुझ्या मनाचं असंल. माणसांत बसत जा. तू ओ दिलीस का त्याला?"

"दिली की. जेवले म्हणून सांगितलं." आणि मग हळूच म्हणाली, "आजेसासूबाईंना सांगू नका हं आजी. एवढं इचारतं तरी कुनी."

एसटी लागली म्हणून ती पळाली. मला तिला ओरडून सांगायला हवं होतं, परत ओ देऊ नकोस म्हणून. माझ्या माहेरच्या बाईचं सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण त्या वेळी माझ्या मनात तिची काळजी नव्हती. मला तिचा राग आला होता. माझ्या घरात, माझ्या मोरीपाशी उभी राहून ती असं काहीतरी ऐकत होती जे मी कधी ऐकलं नाही. आणि ते मालक नसले, तर मला हाक मारणारं तरी कोण होतं?

मी वांगी घेतली आणि घरी आले. भाजी केली, भाकरी केली. ताट वाढून मोरीच्या दाराकडं तोंड करून बसले आणि घास हातात धरून थांबले. वरच्या मजल्यावर मिक्सर लागला, बंद झाला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. भाकरी गार झाली. कुणी विचारलं नाही. मग जेवले.